एका बाटलीला एक टाकी पाणी

काकांनी अकरा वर्षं जपून ठेवलेली स्कॉचची बाटली एका गुरुवारी एक हजार लिटर पाण्यात मिसळली, आणि त्यामुळे आमच्या घरातलं सगळ्यात जुनं भांडण मिटलं.

असं काही घडलेलं नाही. आमच्या नोंदवहीत नमुना क्रमांक ४१६ च्या खाली थेट ४१८ आहे, आणि पाणी तपासणी प्रयोगशाळेत ज्याची नोंद नाही ते घडत नाही. नोंदवही माझ्याच ताब्यात असते, त्यामुळे हे मी अधिकाराने सांगू शकतो. तरीही जे घडलं नाही ते नीट क्रमाने सांगून ठेवलेलं बरं, कारण लोक काहीही बोलतात.

मी कनिष्ठ तपासनीस. प्रयोगशाळेचे प्रमुख माझे सख्खे काका. नोकरी मला वशिल्याने लागली असं ज्यांना वाटतं त्यांनी लक्षात घ्यावं, की परीक्षेत माझा पहिला नंबर आला होता. दुसरं कुणी परीक्षेला आलंच नाही, हा माझा दोष नव्हे. कार्यालयात मी काकांना साहेब म्हणतो, घरी काका म्हणतो, आणि जिन्यात गाठ पडली तर नुसता खोकतो.

काका म्हणजे पाण्याचा माणूस. कुणाच्या घरी गेले आणि पाण्याचा पेला समोर आला की आधी तो उजेडात धरतात, मग हुंगतात, मग घरमालकाला विचारतात की टाकी शेवटची कधी धुतली. त्यामुळे त्यांना फारसं कुणी बोलावत नाही. काकू चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर लोकांच्या नाकावर भिंगं बदलायची आणि "आता बरं, की मघाशी बरं?" असं विचारायचं, हे तिचं काम. संसारही तिने याच एका प्रश्नावर रेटला आहे. आणि काकूचा थोरला भाऊ तो सोडामामा. मामांचा सोड्याचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, दोन यंत्रं, आणि दिवसभर फस्स असा आवाज. मामांना त्या आवाजाची इतकी सवय झाली आहे की शांतता पसरली तर ते उठून काय बिघडलं बघायला जातात.

काका आणि मामा कॉलेजात एका बाकावर बसत. अकरा वर्षांपूर्वी काका प्रयोगशाळेचे प्रमुख झाले, तेव्हा शेजारी राहणाऱ्या, बोटीवर नोकरी करणाऱ्या डॉक्टरांनी त्यांना स्कॉचच्या दोन बाटल्या दिल्या. काकांनी ठरवलं, एक आज फोडायची आणि दुसरी निवृत्तीला. माणसाने इतकं पुढचं ठरवू नये, पण काका पाण्याच्या पाइपांचंही पन्नास वर्षांचं ठरवतात.

पहिली बाटली उघडली. काकांचं मत असं, की स्कॉचमध्ये चहाच्या चमच्याने एक चमचा पाणी घालावं, तेही मऊ आणि खोलीइतक्याच तापमानाचं, म्हणजे तिचा वास उमलतो. ते चमचा शोधायला आत गेले. मामांचं मत असं, की ग्लासाला गळा असतो तो गळ्यापर्यंत भरायला. काका चमचा घेऊन बाहेर आले तेव्हा मामांनी सगळ्यांच्या ग्लासांत गळ्यापर्यंत सोडा ओतून ठेवला होता.

काका म्हणाले, बुडबुडे विकून पोट भरणाऱ्या माणसाला साधी गोष्ट साधी ठेवता येत नाही. मामा म्हणाले, तू पास केलेल्या पाण्यापासूनच माझा सोडा होतो, तेव्हा त्याचा वास लपवायला बुडबुडे घालावेच लागतात.

हे वाक्य काकांच्या नाकाला नव्हे, पदाला झोंबलं. मग जे व्हायचं ते झालं. भर म्हणजे गडबडीत उरलेली अर्धी बाटली नाहीशी झाली. काकांची खात्री की मेहुण्याने ती पिशवीतून नेली. मामांची खात्री की मेहुण्याने ती लपवून आळ आपल्यावर घातला. त्या दिवसापासून दोघं एकमेकांना पाण्यात पाहू लागले. मामा तर सोड्यातही.

अकरा वर्षं बोलणं बंद. पण काकू दर सोमवारी भावाकडे जायची आणि येताना निरोप आणायची. "त्याला सांग, दुखऱ्या गुडघ्याने जिने चढणं सोड." "त्याला सांग, माझ्या गुडघ्याची काळजी करू नकोस, दाढ काढून घे." अशा रीतीने दोघांना एकमेकांची साखर, दाब, दाढा, गुडघे यांची बित्तंबातमी होती आणि दोघं एकमेकांचे शत्रू होते. बर्फाच्या बाबतीत तर दोघांचं मत एकच होतं, की स्कॉचमध्ये बर्फ घालणाऱ्या माणसाला घरात घेऊ नये. पण हे एकमत दोघांनाही ठाऊक नव्हतं, कारण काकूने तो निरोप कधी पोचवला नाही. तिला तो महत्त्वाचा वाटला नसावा.

काका शुक्रवारी निवृत्त होणार होते. खात्यातर्फे निरोपाचं जेवण होतं. सोमवारी काकूने मामांना सांगितलं आणि काकांनाही सांगितलं, आणि मी तिथे होतो म्हणून मलाही ऐकावं लागलं.

"शुक्रवारी माझ्या एका बाजूला नवरा बसेल आणि दुसऱ्या बाजूला भाऊ. त्यातली एक खुर्ची रिकामी दिसली तर माझीही रिकामी करून मी घरी जाईन. पुढे तुमचे निरोप तुम्ही पोचवा. मला आता बसच्या पायऱ्या चढवत नाहीत."

काकू डोळ्यांत पाणी वगैरे आणत नाही. ती चष्मा पुसते. त्या दिवशी तिने तो चार वेळा पुसला, आणि मी पाहिलं की तो स्वच्छच होता.

मामांनी उलट निरोप पाठवला. येतो, पण आधी निकाल लागू दे: पाणी की सोडा. काका म्हणाले, निकालच हवा तर शास्त्रशुद्ध लागू दे. तुझ्या त्या फस्सखान्यात नाही, माझ्या प्रयोगशाळेत. दुसरी बाटली नाहीतरी तिथेच होती, नमुन्यांच्या फ्रिजशेजारच्या लोखंडी कपाटात, "विहीर, जुनी" अशी चिठ्ठी लावून.

गुरुवारी दीड वाजता सोडामामा आले. सोबत काकू आणि बारा बाटल्यांचा एक क्रेट. काका दारात उभे होते. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, मग दोघांनी काकूकडे बघितलं. मामा काकूला म्हणाले, "त्याला सांग, केस बरेच गेले." काका काकूला म्हणाले, "त्याला सांग, मला आरशात दिसतं."

प्रयोगशाळेत आणखी दोन माणसं आहेत. ताई वरिष्ठ तपासनीस. त्या आमच्या खात्याचं अधिकृत नाक आहेत. पाण्याला वास येतो की नाही हे ठरवायला यंत्र नसतं, माणूस लागतो, आणि तो माणूस म्हणजे ताई. सकाळी जिन्यात कोण चढून गेलं, हे त्या दुपारी सांगतात. मात्र पद्धतीबाहेर त्या नाक चालवत नाहीत. पद्धतीत लिहिलंय "बाटलीतला वास घ्यावा," की बाटलीतलाच. खोलीला आग लागली तरी त्या नोंद करणार नाहीत. आणि नाना, गावभरच्या नळांवरून नमुने गोळा करून आणणारे. त्यांच्या खांद्यावर कायम एक मोठा रुमाल असतो. बाटल्या पुसायला, टेबल पुसायला आणि घाम पुसायला, याच क्रमाने.

काका, काकू आणि मामा केबिनमध्ये गेले. चाचणीचे नियम आधी लेखी ठरवायचे होते. ग्लास बसका की उंच यावरच पहिला कागद संपला. मग काकांनी मला बोलावून सांगितलं, की या नळाच्या पाण्यावर तो आक्षेप घेईल, तेव्हा चार नंबरच्या पंपावर जा आणि तिथलं मऊ पाणी घेऊन ये. आणि बाटलीची नोंद कर. कपाटातून निघालेली कुठलीही गोष्ट नंबराशिवाय टेबलावर ठेवायची नाही.

इथे माझ्या हातून जे झालं नाही ते झालं.

मी बाटलीला नंबर दिला, ४१७. नोंदवहीत "तपासणीचा प्रकार" असा रकाना आहे आणि त्यात छापील पर्याय चारच आहेत: गढूळपणा, क्षार, जिवाणू, गंध. "किती पाणी घालावं" असा पर्याय सरकारला सुचलेला नाही. मी विचार केला. गढूळ ती नव्हती. क्षारांचा संबंध नव्हता. जिवाणू तिच्यात अकरा वर्षं जगले असते तर त्यांचाच सत्कार करावा लागला असता. राहिला गंध. पाण्याने वास उमलतो असं काका म्हणतच होते. मी गंधावर खूण केली.

शिवाय आमच्याकडे "वादग्रस्त" असा लाल शिक्का आहे. एका विहिरीवरून दोन शेजारी भांडले तर मारायचा. मला नोकरीत तीन वर्षं झाली, पण तो शिक्का मारायची संधी एकदाही आली नव्हती. मी तो दोनदा मारला.

मग नानांची स्कूटर घेऊन मी पंपावर गेलो. नानांची स्कूटर ही स्वतंत्र विचारांची आहे. सहा किलोमीटर जायला तिला तीन विश्रांती लागल्या, यायला चार. परत आलो तेव्हा चारला दहा मिनिटं होती. केबिनचं दार अजून बंद होतं. टेबलावर ताई शांतपणे लिहीत बसल्या होत्या. स्कॉचची बाटली त्यांच्यापुढे आडवी होती, आणि रिकामी.

मी विचारलं, "ताई, ४१७?"

त्या म्हणाल्या, "चालू आहे."

मी विचारलं, "कुठे?"

त्यांनी पेनने छताकडे दाखवलं.

आता गंधाची चाचणी काय असते ते सांगतो. नमुन्यात बिनवासाचं पाणी घालायचं आणि हुंगायचं. वास आला तर आणखी पाणी घालायचं. पुन्हा हुंगायचं. वास पूर्ण जाईपर्यंत पाणी घालत राहायचं, आणि वास गेला की किती पटीने पाणी लागलं तो आकडा लिहायचा. म्हणजे स्कॉचमध्ये किती पाणी घालावं, या प्रश्नाला आमच्या खात्याचं उत्तर आधीपासून तयार होतं: ती स्कॉच उरेनाशी होईपर्यंत.

एरवी यासाठी नमुन्यातले चार थेंब पुरतात. पण नियमात असंही आहे, की वादग्रस्त नमुन्याचे भाग करू नयेत, नाहीतर एक पक्ष म्हणतो की चांगला भाग दुसऱ्याला गेला. शिक्का होता, तोही दोनदा. ताईंनी नियम वाचला आणि नानांना अख्खी बाटली दहा लिटरच्या कॅनमध्ये ओतायला सांगितली. मग कॅन काठोकाठ भरला. हुंगलं. वास आला. म्हणून सगळं शंभर लिटरच्या पिंपात घालून पिंप भरलं. हुंगलं. वास आला. ताईंना नवल वाटलं, पण नवलाचा रकाना नाही. पिंपापेक्षा मोठं भांडं इमारतीत एकच होतं: गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी. ती आठवड्यापूर्वीच धुतलेली होती आणि ताईंनीच तपासून पास केली होती. ताईंनी तिच्यातलं पाणी बरोब्बर नऊशे लिटरवर आणलं, कारण अंदाजपंचे त्यांना चालत नाही, आणि नानांनी सात बादल्यांत ते पिंप वर नेलं. सातवी बादली अर्धीच होती, असं नाना अजून सांगतात, जणू त्यामुळे सगळा फरक पडला असता.

मी विचारलं, ताई, पण पिंपात कसा वास येईल? शंभर लिटर पाणी होतं ना?

त्याच वेळी नाना गच्चीवरून खाली आले आणि ताईंच्या शेजारी उभे राहिले. खोलीत एकदम श्रीमंत वास सुटला. कॅनमध्ये ओतताना घोटभर स्कॉच टेबलावर सांडली होती. नानांनी ती रुमालाने पुसली होती, आणि रुमाल परत खांद्यावर टाकून दीड तास ते ताईंच्या नाकाशेजारी उभे राहिले होते.

मी ताईंकडे बघितलं. ताई म्हणाल्या, रुमालाचा वास त्यांना पहिल्या मिनिटापासून येत होता, पण रुमाल हा नमुना नाही.

तेवढ्यात केबिनचं दार उघडलं. तिघं बाहेर आले. सात पानी नियम ठरले होते, दोघांच्या सह्या होत्या. काकांच्या हातात चमचा होता. मामांच्या हातात सोड्याची बाटली. काकू मधे.

आडवी बाटली आधी मामांना दिसली. ते अकरा वर्षांत पहिल्यांदा काकूला न विचारता बोलले.

"याही वेळी?"

काकांचा चेहरा गढूळ झाला, मी प्रमाण सांगू शकेन इतका. ते म्हणाले, मी तुझ्यासमोर बसलो होतो. मामा म्हणाले, मागच्या वेळीही समोरच बसला होतास. काका म्हणाले, मागच्या वेळी पिशवी तुझ्याकडे होती. मामांनी क्रेट उचलला. काकांनी चमचा खिशात घातला. मामा दाराकडे निघाले आणि मला स्पष्ट दिसलं, की शुक्रवारच्या तीन खुर्च्यांपैकी दोन हवेत विरघळताहेत, एकास तेराशेच्या प्रमाणात.

मी खरं सांगायला तोंड उघडलं, पण काकू आधी बोलली. ती चष्मा पुसत होती.

"मागची मी प्यायले."

नाना रुमाल पिळत होते, ते थांबले.

"तुम्ही दोघं भांडत होतात तेव्हा एक ग्लास. मग उरलेली तांदळाच्या डब्यात ठेवली. सोमवारी दादाकडून यायचं, यांना निरोप सांगायचा, यांचं ऐकून घ्यायचं, आणि मग एक घोट. तीन महिने पुरली. पुढची पावणेअकरा वर्षं मी नुसत्या पाण्यावर काढलीत."

खालच्या मजल्यावर कुणीतरी नळ सोडला, त्याचा आवाज पाइपात चढत आला.

शेवटी काकांनी विचारलं, "कशात घेतलीस? पाण्यात की सोड्यात?"

"कशात नाही. तशीच. तिच्यात काही घालायचं नसतं. बोलणं तर अजिबात नाही."

मामा क्रेट हातात घेऊन तसेच उभे होते. त्यांना शांतता सहन होत नाही हे मी सांगितलंच आहे. ते काकूला म्हणाले, "त्याला सांग..." आणि थांबले. मग क्रेट खाली ठेवला आणि थेट काकांकडे वळले. "तुझ्या बायकोने आपल्याला पाणी पाजलं रे."

"तुझी बहीण," काका म्हणाले.

मग दोघांनाही एकदमच आठवलं, की दुसरी बाटली अजून बेपत्ता आहे. मी सांगितलं. गंधाचा रकाना, दोन शिक्के, कॅन, पिंप, सात बादल्या, टाकी. सांगताना माझ्या लक्षात आलं की यात प्रत्येकाने आपलं काम चोख केलं होतं. हे मी बोलूनही दाखवलं. बोलायला नको होतं. गाढव कोण, यावर अकरा वर्षांत प्रथमच काका आणि मामांचं पूर्ण एकमत झालं, आणि ते त्यांनी आलटून पालटून, एकमेकांची वाक्यं पुरी करत व्यक्त केलं. काका शास्त्रीय बाजू मांडत होते, मामा व्यवहाराची. काकू भिंतीला टेकून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर मी असं समाधान फक्त एखाद्याच्या चष्म्याचा नंबर बरोबर निघाला की बघितलं आहे.

माझी निंदा संपत आली तेव्हा तिने काचेचे तीन पेले घेतले, हात धुवायच्या बेसिनच्या नळाखाली भरले आणि दोन दोघांच्या हातात दिले. हा नळ गच्चीवरच्या टाकीचा. ताई पुढे आल्या, नळाशी वाकल्या, हुंगल्या. नाना रुमाल वाळत घालायला नुकतेच गच्चीवर गेले होते.

"वास नाही," ताई म्हणाल्या, आणि घड्याळ बघून सव्वाचारची नोंद केली.

काकांनी पेला उजेडात धरला. सवयीने टाकी शेवटची कधी धुतली ते विचारणार होते, पण गिळलं. दोघं प्यायले. काकूने विचारलं, "आता बरं, की मघाशी बरं?"

काका म्हणाले, "पाणी जरा जास्त झालंय."

मामा म्हणाले, "जरा?"

आणि दोघांना जे हसू फुटलं ते आवरेना. मामांचं हसणं ऐकून मला प्रथमच कळलं की कारखान्यातलं सगळंच फस्स यंत्राचं नसतं. ताईंनी हसण्याच्या आवाजाची नोंद केली नाही. काकांनी नोकरीतला शेवटचा हुकूम दिला, की ४१७ रद्द. मी पान काढलं, नवं लावलं, ४१६ नंतर ४१८ लिहिला. अशा रीतीने यातलं काहीच घडलं नाही.

तळमजल्यावर जन्म-मृत्यू नोंदणीचं कार्यालय आहे आणि त्यांना पाणी आमच्याच टाकीचं जातं. त्या दुपारी साडेचारला तिथल्या कारकुनाने रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना "बसा" म्हटलं. एकास तेराशे या प्रमाणाने असं होऊ शकत नाही. मी फक्त वेळ सांगितली.

शुक्रवारी काकूच्या एका बाजूला नवरा बसला आणि दुसऱ्या बाजूला भाऊ. भाषणं झाली. वरिष्ठ अभियंत्यांनी काकांच्या पारदर्शक कारभाराचा उल्लेख केला. मामांनी त्या वेळी काकूच्या पाठीमागून काकांना कोपराने ढोसलं. काकू मधे बसून जेवत होती आणि दोघं तिच्या डोक्यावरून बोलत होते. तिने एकही निरोप पोचवला नाही.

आता मुख्य मुद्दा. दर गुरुवारी सव्वाचारला काका आणि सोडामामा आमच्या गच्चीवर येतात. मामांचा गुडघा दुखतो, म्हणून काका त्यांना प्रत्येक जिन्यावर थांबवतात. मामा म्हणतात दमतो काकाच. टाकीशेजारी दोन खुर्च्या आहेत. टाकीच्या तोटीतून दोन पेले भरतात, मामा आपल्या पेल्यात सोडा घालतात, काका चमच्याने आणखी एक चमचा पाणी, आणि पाणी बरं की सोडा बरा यावर अंधार पडायच्या आत भांडून घरी जातात. निकाल लागत नाही. काकांचा आलेख आहे. इमारतीत रोज पाचशे लिटर पाणी वापरलं जातं आणि तेवढंच नवं भरलं जातं, म्हणजे टाकीतली स्कॉच रोज निम्मी होते. तिसाव्या दिवशी ती एका थेंबाच्या सत्तर हजाराव्या भागाइतकी उरली होती. पण निम्म्याचं निम्मं करत गेलं तर शून्य कधीच होत नाही, असं काका म्हणतात. मामांनी एकदा रेणूंची शंका काढली. काका म्हणाले, रेणूंचं पुढच्या गुरुवारी बघू. आणि मामा पुढच्या गुरुवारी आले.

शून्य फक्त एकाच गोष्टीने होऊ शकतं. कालच खात्याची नोटीस आली. तेव्हा खालील अर्ज मी आज रीतसर दाखल केला आहे.

प्रति, मा. कार्यकारी अभियंता (टाक्या व झाकणे).

विषय: टाकी न धुण्याबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, या प्रयोगशाळेच्या गच्चीवरील टाकी नियमानुसार दर सहा महिन्यांनी धुतली जाते व तसा दाखला हीच प्रयोगशाळा देते. तथापि सदर टाकीत नमुना क्रमांक ४१७, जो अस्तित्वात नाही, तपासणीखाली असून तो वादग्रस्त असल्याने त्याचे भाग करता येत नाहीत, सबब तो वाहून जाऊ देणेही नियमबाह्य ठरेल. वादातील दोन्ही पक्ष वयस्कर असून वाद मिटल्यास त्यांना एकमेकांकडे येण्याचे कारण उरणार नाही, व निरोप पोचवण्याचे काम पुन्हा तिसऱ्या व्यक्तीवर पडेल, जिला बसच्या पायऱ्या चढवत नाहीत. तरी सदर टाकी यापुढे कधीही न धुण्याचे आदेश व्हावेत, तिच्यातील पाणी मात्र स्वच्छ राहील अशी व्यवस्था आपल्या स्तरावरून करण्यात यावी, आणि दर गुरुवारी सव्वाचार वाजता टाकीवर सावली पडेल याची खात्याने कायमस्वरूपी तजवीज करावी, ही विनंती.